लॅपटॉपचं इंटरनेट मोबाईलला कसं द्यायचं? हॉटस्पॉटचं बटण दाबण्याआधी हे वाचाच

मोबाईलचा हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉपला नेट देणं आता शाळकरी पोरांनाही येतं. पण गाडी उलट्या दिशेनं न्यायची वेळ आली, म्हणजे नेट लॅपटॉपला आहे आणि हवंय मोबाईलला, की बरेच जण अडतात.

अशी वेळ वाटते त्यापेक्षा जास्त वेळा येते. हॉस्टेलच्या खोलीत भिंतीवर लॅनचं एकच सॉकेट असतं. वायर लॅपटॉपला लागते, मोबाईलला लावायची कुठे? हॉटेलचं वायफाय एका खोलीला एक-दोनच उपकरणं जोडू देतं आणि तुम्ही आहात चौघं. गावाकडच्या जुन्या घरात राउटर खाली ओसरीत, भिंती दीड-दोन फूट जाडीच्या, आणि माडीवर मोबाईलला सिग्नलची एकच काडी दिसते. लॅपटॉपला मात्र त्याच जागी जेमतेम का होईना, रेंज मिळते, कारण बहुतेक लॅपटॉपचे अँटेना स्क्रीनच्या कडेत बसवलेले असतात आणि त्यांना मोबाईलपेक्षा ऐसपैस जागा मिळते.

या सगळ्यावर उपाय एकच: लॅपटॉपलाच हॉटस्पॉट करायचा. त्यासाठी वेगळं ॲप लागत नाही, पैसे लागत नाहीत, बटणही एकच आहे. पण ते बटण दाबलं की तुमचा लॅपटॉप एक छोटा राउटर बनतो, आणि त्याला जोडलेल्या प्रत्येक फोननं इंटरनेटवर जे काही केलं ते बाहेरच्या जगाला तुमच्याच कनेक्शनवरून झालेलं दिसतं. बटण कुठे आहे हे सांगणारे व्हिडिओ भरपूर आहेत. ही दुसरी बाजू त्यांत सहसा नसते, म्हणून आज दोन्ही बघू.

बटण कुठे आहे?

विंडोज १० किंवा ११ असेल तर सेटिंग्ज उघडा, 'नेटवर्क अँड इंटरनेट'मध्ये जा आणि तिथे 'मोबाईल हॉटस्पॉट' निवडा. नाव मोबाईल हॉटस्पॉट असलं तरी हा लॅपटॉपचाच हॉटस्पॉट आहे, गोंधळू नका. इथे दोन प्रश्न विचारले जातात. पहिला, नेट कुठून घ्यायचं? वायरनं येत असेल तर 'इथरनेट', वायफायनं येत असेल तर 'वायफाय' निवडा. दुसरा, पुढे कशावरून द्यायचं? इथे 'वायफाय' ठेवा. ब्लूटूथचाही पर्याय असतो, पण त्याचा वेग इतका कमी की व्हॉट्सॲपच्या मेसेजपलीकडे फारसं काही जमत नाही.

त्याखाली 'एडिट' असं बटण दिसेल. त्यात हॉटस्पॉटचं नाव, पासवर्ड आणि बँड बदलता येतो. पासवर्ड किमान ८ अक्षरांचा लागतो. एवढं करून वरचं बटण चालू केलं की मोबाईलच्या वायफायच्या यादीत तुम्ही दिलेलं नाव दिसू लागतं. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत तिथेच क्यूआर कोडही मिळतो, म्हणजे पासवर्ड ओरडून सांगायला नको. एका वेळी जास्तीत जास्त ८ उपकरणं जोडता येतात. पुढच्या वेळी एवढं फिरायचं नसेल तर विंडोजचं बटण आणि 'ए' एकत्र दाबा, कोपऱ्यात उघडणाऱ्या चौकोनांत हॉटस्पॉटचं बटण असतं.

ही सोय विंडोजमध्ये अशी सरळ मिळायला लागली ती ऑगस्ट २०१६ मध्ये, विंडोज १० च्या 'ॲनिव्हर्सरी अपडेट'पासून. त्याआधी विंडोज ७ च्या काळात काळ्या खिडकीत कमांड टाईप करावी लागायची किंवा 'कनेक्टिफाय'सारखं सॉफ्टवेअर टाकावं लागायचं. यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ अजून तेच शिकवतात. आज त्याची गरज नाही. हॉटस्पॉटसाठी कुठल्याशा साइटवरून सॉफ्टवेअर उतरवायला कुणी सांगत असेल, तर तो सल्ला सोडून द्या.

मॅकवर 'सिस्टिम सेटिंग्ज', मग 'जनरल', मग 'शेअरिंग' आणि त्यात 'इंटरनेट शेअरिंग' असा रस्ता आहे. इथे एक अडचण लक्षात ठेवा: मॅकवर वायफायनं आलेलं नेट पुन्हा वायफायवरूनच देता येत नाही. नेट लॅनच्या वायरनं किंवा यूएसबीनं येत असेल, तरच ते वायफायवर वाटता येतं. उबुंटूवर वायफायच्या सेटिंगमध्ये वरच्या तीन टिंबांवर क्लिक केलं की हॉटस्पॉट चालू करायचा पर्याय मिळतो.

बटण दाबल्यावर आत काय होतं?

एखाद्या गृहनिर्माण सोसायटीची कल्पना करा. पोस्टमनला ठाऊक असलेला पत्ता एकच, सोसायटीचा. आत बारा बिऱ्हाडं आहेत, पण पोस्टमन गेटपाशीच थांबतो. कुठलं पत्र कुणाचं हे वॉचमन ठरवतो, कारण कोणी काय मागवलंय याचं रजिस्टर त्याच्याकडे असतं.

हॉटस्पॉट चालू केला की लॅपटॉप हा तो वॉचमन होतो. जोडलेल्या प्रत्येक फोनला तो घरातल्या घरात चालणारा एक पत्ता देतो. विंडोजमध्ये हे पत्ते १९२.१६८.१३७ नं सुरू होतात आणि खुद्द लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.१३७.१ असतो. फोननं यूट्यूब उघडलं की ती मागणी आधी लॅपटॉपकडे येते. लॅपटॉप त्यावरचा फोनचा पत्ता खोडून स्वतःचा पत्ता टाकतो, कोणी काय मागितलं याची नोंद ठेवतो आणि मागणी पुढे पाठवतो. उत्तर आलं की नोंद बघून ते बरोबर त्या फोनला देतो. हे सगळं सेकंदाच्या बारीकशा भागात होतं.

या पत्ते बदलण्याला तांत्रिक भाषेत 'नॅट' म्हणतात. १९९४ च्या सुमारास ही युक्ती पुढे आली, कारण इंटरनेटचे पत्ते कमी पडणार हे तेव्हाच दिसू लागलं होतं. जुन्या पद्धतीचे एकूण पत्ते सुमारे ४३० कोटी. आज एकेका घरात फोन, टीव्ही, कॅमेरा धरून सहा-सात उपकरणं सहज असतात. प्रत्येकाला वेगळा पत्ता द्यायचा म्हटलं तर ते कधीच संपले असते. तुमच्या घरचा राउटरही हेच काम करतो. लॅपटॉप फक्त त्याच्या पुढची आणखी एक पायरी होतो.

एक गोष्ट मात्र सोसायटीच्या रजिस्टरसारखी नाही. लॅपटॉपची ही नोंद तात्पुरती असते. काम संपलं की पुसली जाते. कोणत्या फोननं महिन्यापूर्वी काय उघडलं होतं, हे नंतर तपासायला काही उरत नाही. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

वेग निम्मा होतो, हे खरं का?

कधी हो, कधी नाही.

नेट वायरनं येत असेल तर काळजीच नाही. वायफायचं कार्ड मोकळं असतं आणि सगळी ताकद फोनना नेट द्यायला वापरतं. पण नेट वायफायनं घेऊन वायफायनंच द्यायचं असेल, तर एकाच माणसानं एकाच फोनवर दोघांशी बोलण्यासारखा प्रकार होतो. साध्या लॅपटॉपमधलं कार्ड एका क्षणी एकाच चॅनेलवर काम करतं. राउटरकडून घेतलेली प्रत्येक गोष्ट पुन्हा हवेतून फोनकडे पाठवावी लागते. म्हणजे तोच माल हवेतून दोनदा जातो आणि हवेतला वेग साधारण निम्म्यावर येतो.

आता गंमत अशी, की हवेतला वेग आणि तुमच्या प्लॅनचा वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्लॅन ४० एमबीपीएसचा असेल आणि लॅपटॉप-राउटरमधलं वायफाय ३०० एमबीपीएस ओढू शकत असेल, तर त्याचे निम्मे झाले तरी १५० उरतात. प्लॅनचे ४० पुरेपूर मिळतील, फरक जाणवणारही नाही. पण तुम्ही माडीवर, रेंज आधीच मरतुकडी, हवेतला वेगच १० वर आलेला, तिथे निम्मा म्हणजे ५. मग व्हिडिओ अडखळणारच. त्यामुळे लॅपटॉप रेंज वाढवण्यासाठी वापरायचा असेल तर तो फोनच्या शेजारी ठेवू नका. राउटर आणि फोन यांच्या मधोमध, जिथे लॅपटॉपला बऱ्यापैकी रेंज आहे अशा जागी, जिन्याच्या तोंडाशी वगैरे ठेवा. हा साधा बदल कुठल्याही सेटिंगपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

बँडचंही थोडक्यात सांगतो. २.४ गिगाहर्ट्झचा बँड भिंतीतून लांबवर जातो पण हळू असतो. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान असतो पण एक-दोन भिंतींतच दमतो. जुन्या, स्वस्त फोनना ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क दिसतच नाही. 'माझ्या फोनला हॉटस्पॉट दिसतोय, आईच्या फोनला नाही' अशी तक्रार असेल, तर 'एडिट'मध्ये जाऊन बँड २.४ करा.

चालू होत नसेल तर

सगळ्यात जास्त दिसणारी अडचण: लॅपटॉपलाच नेट नसताना हॉटस्पॉट चालू करायला जाणं. विंडोज सरळ नकार देतं. आधी लॅपटॉपवर एखादी साइट उघडून बघा.

दुसरी अडचण, फोन जोडला जातो पण 'आयपी ॲड्रेस मिळवत आहे' असं म्हणत फिरत राहतो. म्हणजे वॉचमन पत्ता देत नाहीये. बऱ्याचदा बाहेरून टाकलेला अँटिव्हायरस किंवा त्याची फायरवॉल मध्ये येते. ती दोन मिनिटं थांबवून बघा. दोष तिचाच निघाला तर तिच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटला परवानगी द्या, पण ती कायमची बंद करून ठेवू नका. फोन जोडलेला दिसतो, पत्ताही मिळतो, तरी नेट चालत नाही? ऑफिसचं व्हीपीएन चालू आहे का ते तपासा. व्हीपीएनचं आणि हॉटस्पॉटचं फारसं पटत नाही.

हॉटस्पॉट आपोआप बंद होतो ही तक्रारही नेहमीची. कोणतंच उपकरण जोडलेलं नसेल तर बॅटरी वाचवण्यासाठी विंडोज तो काही मिनिटांत बंद करतं. तिथेच 'पॉवर सेव्हिंग'चं बटण आहे, ते बंद करता येतं. आणि लॅपटॉपचं झाकण मिटलं की तो झोपतो, तो झोपला की हॉटस्पॉट गेला. रात्रभर नेट द्यायचं असेल तर झाकण उघडं आणि चार्जर लावलेला, हे ओघानंच आलं. हे रोजचं होणार असेल तर लॅपटॉप झिजवण्यापेक्षा एक साधा राउटर घेणं शहाणपणाचं.

डेस्कटॉपला वायफायचं कार्डच नसेल तर बाजारात यूएसबीला लावायचा छोटा वायफाय ॲडॉप्टर मिळतो. घेताना तो हॉटस्पॉटही करू शकतो ना, एवढं दुकानदाराला विचारून घ्या. काही ॲडॉप्टर फक्त नेट घेऊ शकतात, देऊ शकत नाहीत.

डेटा कुठे गेला?

घरी फायबर असेल तर हा भाग वरवर वाचा. बऱ्याच घरगुती प्लॅनमध्ये महिन्याला ३३०० जीबीपर्यंत पूर्ण वेग मिळतो, तो संपवणं साध्या घराला कठीण आहे. खरी पंचाईत होते ती लॅपटॉपचं नेटच मोबाईलवरून किंवा डोंगलवरून येत असेल तेव्हा.

उदाहरणार्थ, एक फोन यूएसबीनं लॅपटॉपला जोडला, रोजच्या दोन जीबीवर लॅपटॉप चालतोय. तेवढ्यात घरातल्या दोघांनी लॅपटॉपचा हॉटस्पॉट घेतला. आता त्यांच्या फोनना काय दिसतं? 'वायफाय'. आणि वायफाय दिसलं की फोन ऐसपैस वागायला लागतो. फोटोंचा बॅकअप सुरू होतो. प्ले स्टोअर थांबवून ठेवलेली अपडेट उतरवायला लागतं. व्हॉट्सॲप गुड मॉर्निंगचे सगळे व्हिडिओ आपण होऊन डाऊनलोड करतं. कारण आपणच कधीतरी 'हे फक्त वायफायवर कर' असं सांगून ठेवलेलं असतं. या वायफायच्या मागे दोन जीबीचा पॅक आहे हे फोनला कळायला मार्ग नसतो. त्यात कुणी एचडीत सिनेमा लावला तर बोलायलाच नको. नेटफ्लिक्सचाच हिशेब बघितला तर एचडीत तासाला ३ जीबीपर्यंत डेटा जातो.

यावर उपाय फोनमध्येच आहे. अँड्रॉइडवर त्या वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन ते 'मीटर्ड' आहे असं सांगता येतं. आयफोनवर त्याच जागी 'लो डेटा मोड' असतो. लॅपटॉपवरही मूळ कनेक्शन 'मीटर्ड' करून ठेवा, नाहीतर विंडोजचं एखादं मोठं अपडेट एकटंच दिवसाचा पॅक खाऊन टाकेल.

बाहेर दिसतं ते तुमचंच नाव

आता त्या दुसऱ्या बाजूकडे येऊ.

२६ जुलै २००८ ला अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले, पन्नासहून जास्त माणसं गेली. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक धमकीचा ईमेल आला होता. तपास करणाऱ्यांनी त्या ईमेलचा माग काढला तेव्हा तो पोचला नवी मुंबईत, सानपाड्यात राहणाऱ्या एका अमेरिकन नागरिकाच्या इंटरनेट कनेक्शनपर्यंत. त्याची चौकशी झाली, कॉम्प्युटर तपासले गेले, बातम्यांत त्याचं नाव झळकत राहिलं. शेवटी समोर आलं ते असं, की त्याच्या घरचं वायफाय नीट सुरक्षित नव्हतं आणि दुसऱ्याच कुणीतरी ते वापरून ईमेल पाठवला होता. त्यानंतरच्या दोन महिन्यांत असेच ईमेल माटुंग्याच्या एका कॉलेजच्या आणि चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून गेले. २००९ च्या सुरुवातीला मुंबई पोलीस उघडी वायफाय शोधत रस्त्यांवर फिरत होते, ते याच कारणासाठी.

ते राउटर होते, तुमचा लॅपटॉप आहे. पण नोंदीच्या हिशेबानं फरक शून्य. वर सांगितलं तसं, लॅपटॉप प्रत्येक फोनचा पत्ता खोडून आपला लावतो. इंटरनेट कंपनीच्या दप्तरात फक्त एवढंच असतं, की अमुक वेळी अमुक पत्ता अमुक ग्राहकाकडे होता. मोबाईल कंपन्या तर एकाच पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवतात, तिथेही वेळ आणि पोर्ट क्रमांक जुळवून ग्राहकापर्यंत पोचता येतं. माग तिथे संपतो, तुमच्या दारात. त्याच्या आत, जोडलेल्या पाच फोनपैकी ती खोटी पोस्ट कुणी टाकली, ते बनावट खातं कुणी चालवलं, हे सांगणारी नोंद लॅपटॉपकडे उरलेली नसते.

याचा अर्थ आपोआप तुम्ही गुन्हेगार ठरता असा नाही. अर्थ असा, की पहिला फोन तुम्हाला येणार, आणि 'मी नाही, माझ्या हॉटस्पॉटवरून दुसऱ्या कुणी' हे पटवून द्यायची वेळ तुमच्यावर येणार. लॅपटॉप तपासासाठी जमा झाला तर त्यातला प्रोजेक्ट, फोटो, पगाराचं काम, सगळं त्याच्याबरोबर जातं. हॉस्टेलमध्ये हे आणखी अवघड होतं, कारण तिथलं लॅनचं लॉगिन बहुधा विद्यार्थ्याच्या नावावर असतं आणि हॉटस्पॉट अख्ख्या मजल्याचा.

म्हणून पासवर्ड. विंडोज सुरुवातीला आपणच एक पासवर्ड तयार करून देतं, तो तसाच ठेवला तरी चांगला असतो. लोक बिघडवतात तो बदलताना: स्वतःचा मोबाईल नंबर, १ ते ८ आकडे, बाळाचं नाव. पाहुणा येऊन गेला, रूममेट बदलला, की पासवर्ड बदला. एक मिनिटाचं काम आहे. हॉटस्पॉटच्या पानावर किती उपकरणं जोडली आहेत आणि त्यांची नावं काय, हेही दिसतं. घरात तीन फोन आणि यादीत चार दिसले तर चौथा कोणाचा ते बघा. काम झालं की हॉटस्पॉट बंद करा, चालू ठेवून मिरवण्यासारखं त्यात काही नाही.

आणखी एक. जोडलेले फोन फक्त तुमचं नेट वापरत नाहीत, ते तुमच्या लॅपटॉपच्या छोट्या नेटवर्कवर आलेले असतात. ऑफिसात कधी एखादा फोल्डर सगळ्यांसाठी शेअर करून ठेवला असेल तर तो त्यांनाही सापडू शकतो. अनोळखी कुणाला नेट देण्याआधी फाईल शेअरिंग बंद आहे ना, बघून घ्या. आणि लॅपटॉप अजून विंडोज १० वरच असेल, तर त्याची नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आहेत. त्यानंतरची वाढीव सुरक्षा योजना घेतली नसेल तर अशा लॅपटॉपला राउटर करून त्यावर परक्यांना बसवू नका.

कॉलेजला, ऑफिसला कळतं का?

हा प्रश्न हमखास येतो. कळू शकतं, आणि कसं ते मजेशीर आहे. इंटरनेटवरच्या प्रत्येक पाकिटावर एक उलटा मोजणारा आकडा असतो. वाटेत एखाद्या राउटरमधून गेलं की तो एकनं कमी होतो. पाकिटं वाट चुकून कायमची फिरत राहू नयेत म्हणून ही सोय. विंडोजचं पाकीट निघतं तेव्हा तो आकडा १२८ असतो, अँड्रॉइडचं निघतं तेव्हा ६४. आता लॅपटॉपमधून थेट १२८ ची पाकिटं यायला हवीत, आणि त्याच पत्त्यावरून मधूनच ६३ ची येऊ लागली, तर नेटवर्क सांभाळणाऱ्याला समजतं की मागे कुणीतरी एक पायरी वाढवली आहे.

अनेक कॉलेज आणि कंपन्यांच्या नियमांत असं नेट पुढे वाटायला स्पष्ट मनाई असते. ऑफिसच्या लॅपटॉपवर तर हॉटस्पॉटचं बटणच कंपनीनं बंद करून ठेवलेलं दिसेल. त्याला वळसा घालायच्या युक्त्या इंटरनेटवर मिळतात, पण एका फुकट रीलसाठी नोकरी किंवा लॉगिन पणाला लावावं असं मला वाटत नाही. हॉटेलचं मात्र रिसेप्शनवर एकदा विचारून टाका. बहुतेक वेळा ते आणखी एखादं उपकरण जोडून देतात.

दुकानात, मेसमध्ये, अभ्यासिकेत येणाऱ्यांना नेट द्यायचं असेल तर लॅपटॉपचा हॉटस्पॉट हा रस्ता नाही. त्यासाठी 'पीएम-वाणी' नावाची योजना आहे, डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिला मान्यता दिली. किराणा दुकानदार किंवा चहावालाही तिच्यात वायफाय देऊ शकतो, विकू शकतो, त्यासाठी परवाना लागत नाही. वापरणारा स्वतःची ओळख पटवून जोडला जातो, त्यामुळे नोंद दुकानदाराच्या नव्हे, त्याच्या नावावर राहते.

आणि दुसऱ्याच्या हॉटस्पॉटला जोडताना?

हेच सगळं उलट करून बघा. हॉटस्पॉटचं नाव म्हणजे 'एडिट'मध्ये टाईप केलेली अक्षरं, दुसरं काही नाही. स्टेशनच्या बाकावर लॅपटॉप उघडून बसलेला माणूस आपल्या हॉटस्पॉटला रेल्वेच्या वायफायचं नाव देऊ शकतो, कॉफी शॉपचं देऊ शकतो. तुम्ही त्याला जोडलात की तुमचं सगळं येणंजाणं त्याच्या लॅपटॉपमधून. बँकेच्या किंवा इन्स्टाग्रामच्या ॲपमध्ये तुम्ही काय लिहिलं ते त्याला सहसा वाचता येत नाही, कारण ते कुलूप लावून जातं. पण कोणती साइट उघडली हे बऱ्याचदा त्याला दिसतं, आणि मुख्य म्हणजे तो तुमच्यापुढे खोटं लॉगिनचं पान ठेवू शकतो.

स्टेशनवरचं खरं वायफाय मोबाईल नंबर आणि ओटीपी मागतं, तेवढंच. एखादं वायफाय जोडताना फेसबुकचा पासवर्ड, ईमेलचा पासवर्ड किंवा कार्डाचा नंबर मागत असेल तर तिथेच थांबा. ब्राउझर 'ही साइट सुरक्षित नाही' म्हणत असेल तर 'तरीही पुढे जा' दाबू नका. नेट वापरून झालं की फोनच्या वायफाय यादीत त्या नावावर बोट दाबून धरा आणि 'फर्गेट' करा. नाहीतर पासवर्ड नसलेलं त्याच नावाचं नेटवर्क पुढच्या स्टेशनवर, कुणाच्याही लॅपटॉपवरून आलं, तरी खिशातला तुमचा फोन त्याला आपोआप जोडला जाऊ शकतो.